दुसऱ्या पंगतीची बुट्टी

मंगळवार पेठेतल्या माझ्या बायाबापड्यांनो, आमच्या गावच्या बौद्धवाड्यातून आलेल्या आयाबहिणींनो, आणि आज खाडा करून इचलकरंजीहून टेम्पोनं आलेल्या माझ्या कामगार भावांनो,

मला बोलायला लावू नकोस, असं मी सुमनला सकाळीच सांगितलं होतं. ती म्हणाली, काका, तुम्ही नाही बोललात तर आईला ओळखणारं दुसरं कोण बोलणार? आता लेकीनं असं म्हटल्यावर माणूस काय करतो? उभा राहतो. तसा उभा राहिलोय. सभेत बोलायची मला सवय आहे. संपाच्या दिवसांत माईक हातात आला की मी सोडायचो नाही. आमच्या घरची मालकीण म्हणायची, तुमास्नी भूक न्हाय लागली तरी चालतंय, माईक लागतोय. आज तोच माईक हातात धरवत नाही.  मधेच थांबलो तर सांभाळून घ्या.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी महादेव पाटील. माझं आणि अक्काचं, म्हणजे सुमनच्या आईचं, गाव एकच, हातकणंगल्याच्या अलीकडं. मी पाटील गल्लीतला, ती बौद्धवाड्यातली. मधे एक ओढा. इचलकरंजीत एकाच यंत्रमागाच्या शेडात आम्ही वीसेक वर्षं काम केलं. मी चार माग चालवायचो, ती कांड्या भरायची. आणि संप झाला तेव्हा संपाच्या कमिटीचा मी सेक्रेटरी होतो.

आपली अक्का, म्हणजे शेवंता कांबळे, गेल्या आठवड्यात दुपारी इथंच पलीकडच्या गल्लीत, लेकीच्या घरात गेली. आयुष्यभर सुताची धूळ छातीत भरली, ती काही शेवटपर्यंत निघाली नाही. शेवटचे दोन महिने तिला उशांना टेकूनच बसावं लागायचं. आडवं झालं की दम लागायचा.

मघापासून चार जण बोलले. चांगले बोलले. चौघांनीही एक गोष्ट सांगितली. संपात अक्कानं गावाकडनं भाकरी आणल्या, आणि मराठी, भय्या, तेलुगू, कानडी, सगळे जातीधर्म विसरून एका पंगतीला बसले. एका भाकरीनं सगळ्यांना एक केलं. टाळ्याही पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत, पण पडल्या.

मी खाली मान घालून ऐकत होतो. ही गोष्ट खोटी नाही. पण पुरी खरीही नाही. पुरी खरी गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. त्यातली एक गेली. राहिलो मी. आज मी गप्प बसलो तर उद्या ती गोष्ट माझ्याबरोबर जाईल, आणि माझं नाव चांगलं राहील. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इतकी वर्षं झाकलीच होती की. आज उघडतो.

मागावर काम केलेल्यांना सांगायला नको, पण गल्लीतल्या बायांना कळावं म्हणून सांगतो. मागात एक लाकडी धोटा असतो, तो इकडून तिकडं पळत असतो. त्याच्या पोटात सुताची कांडी. कांडी संपली की माग थांबतो, आणि माग थांबला की विणकराची मजुरी थांबते. म्हणून कांडी भरणारी बाई पाहिजे. ती शेडाच्या कोपऱ्यात मशिनीपुढं बसलेली असते. अक्का तिथं बसायची. आणि आम्ही तिला हाक कशी मारायचो? "ए कांडी!" सगळेच तसं म्हणायचे. यूपीहून आलेले, आंध्रातले, सीमेपलीकडचे कानडी, आणि मीही. शेडात आवाज इतका की कुणाचीच भाषा चालत नाही. हातानं खुणा करायच्या. तिथं कोण कुठला हे कळायचंच नाही.

कळायचं ते चहाच्या टपरीवर. भय्ये एका बाकावर, तेलुगू दुसऱ्यावर, आम्ही गाववाले तिसऱ्यावर. अक्का टपरीवर यायचीच नाही. ती घरनं बाटलीतून चहा आणायची. का आणायची, हे मी तिला कधी विचारलं नाही. मला वाटायचं, काटकसर असंल.

"अक्का" हे नाव तिला कानडी विणकरांनी दिलं. त्यांच्यात थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. मग ती सगळ्यांचीच अक्का झाली. मी मात्र बरेच दिवस गावच्या सवयीनं "शेवंते" म्हणायचो. ती माझ्याहून सहा-सात वर्षांनी थोरली. ती मला "पाटील" म्हणायची. "महादेव" असं तिनं कधी म्हटलं नाही, आणि म्हण असं मीही कधी सांगितलं नाही.

आता संप कशापायी झाला ते ऐका. दुसऱ्या रांगेत खांबाजवळ जो बसलाय, तो रामनरेश. अक्काला खांदा देणाऱ्यांत पुढं होता तो. तेव्हा यूपीहून येऊन त्याला चार वर्षं झाली होती. एका दुपारी त्याच्या मागाचा धोटा उडाला आणि सरळ डोळ्यावर बसला. आम्ही तिघं गडी आणि अक्का, त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मागोमाग शेडाचा दिवाणजी आला आणि डॉक्टरांना म्हणाला, हा आमच्याकडं कामाला नाही, रस्त्यावर कुठं मारामारी केली असंल. तोंडावर म्हणाला. रामनरेश रक्तानं भरलेला तिथंच बाकावर पडलाय आणि हा म्हणतोय, आमचा नाही.

आम्ही काय दाखवणार? दिवाणजीच्या वहीत माणसांची नावं नव्हतीच. मागांचे नंबर होते. एवढ्या नंबरच्या मागावर एवढं कापड निघालं, बस्स. तो माग कुणी चालवला, त्याला नाव आहे का, आई आहे का, ह्याची वहीला गरज नव्हती.

दवाखान्यातल्या कारकुनानं कागद पुढं केला. नातेवाईक कोण, सही करा. आम्ही तिघं गडी. तिघांनीही भिंतीवरच्या पाट्या वाचायला सुरुवात केली. मला वाटलं, पोलीस केस आहे, उगीच आपण कशाला अडकायचं? तेवढ्यात अक्का पुढं झाली. केसांवर सुताचा भुगा तसाच होता. म्हणाली, "मी हाय." कारकुनानं विचारलं, कोण लागता? "भन." त्यानं नाव विचारलं, लिहिलं, आणि मग मान वर केली. म्हणाला, बाई, तुम्ही कांबळे, हा यूपीचा, तुम्ही ह्याची बहीण कशी?

अक्का म्हणाली, "मालक ह्येला वळखत न्हाय. सरकार वळखत न्हाय. मी वळखते. लिवा."

आणि तिनं सही केली. साक्षरतेच्या वर्गात सही शिकली होती, एकेक अक्षर जपून काढायची. कारकून थांबला. आम्हीही थांबलो. तिचं नाव पुरं होईतोवर.

रामनरेशचा डोळा गेला. आणि त्यातनं आमचा संप उभा राहिला. मागणी काय? पगारवाढ नंतर. आधी नाव. वहीत प्रत्येकाचं नाव लागलं पाहिजे आणि खिशात फोटोचं कार्ड पाहिजे. भय्यांना त्याची किंमत जास्त कळायची. त्यांना हवालदार रस्त्यात अडवायचा, कुठला, कुठं राहतो, काय काम करतो. मालक ओळख द्यायचा नाही, कार्ड नाही म्हणून रेशन नाही, रेशन नाही म्हणून मतदार यादीत नाव नाही. माझ्याकडंही कार्ड नव्हतं. पण मला कधी त्याची उणीव भासली नाही. मला हवालदारानं विचारलं तर मी "पाटील" एवढंच म्हणायचो, तो म्हणायचा, जावा. माझं आडनावच माझं कार्ड होतं. हे मला तेव्हा दिसत नव्हतं, आता दिसतंय.

संप लांबला. मालकांची माणसं आम्हा गाववाल्यांच्या घरोघरी फिरायला लागली. तुम्ही घरचे, या परत कामावर. हे बाहेरचे लोक उद्या तुमचेच माग बळकावतील, त्यांच्यापायी तुम्ही का उपाशी मरताय? हे सांगायला येणारीही आमचीच माणसं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. आमच्या घरी निदान ज्वारी होती. भय्यांच्या खोल्यांवर चूल पेटत नव्हती. काहींनी वळकट्या बांधल्या. ते गेले असते तर संप त्या दिवशीच संपला असता.

तेव्हा कमिटीच्या बैठकीत अक्का म्हणाली, गावाकडनं भाकरी आणू. आपल्याकडची रीत आहे ही. मोर्चा असो, पूर असो, हाक आली की घरटी दोन भाकरी निघतात. कुणासाठी, कशासाठी, कुणी विचारत नाही. तव्यावरची आधी तिकडं जाते, मग घरची खातात. मला ते पटलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं आम्ही दोघं गावात. पाटील गल्ली आणि वरची आळी मी फिरलो, वाडा अक्का फिरली. ओढ्याच्या अल्याडच्या भाकरींची एक बुट्टी, म्हणजे टोपली, झाली, पल्याडची एक. डेअरीचा दुधाचा टेम्पो इचलकरंजीला निघाला होता, त्यात कॅनशेजारी दोन्ही बुट्ट्या ठेवल्या आणि आम्ही संपाच्या मांडवात आलो.

आता मी काय केलं ते सांगतो.

मांडवात माणसं बसली होती. मी माझी बुट्टी पंगतीत नेली. आणि अक्काच्या डोक्यावरची बुट्टी मी स्वतः उतरून घेतली, मांडवाच्या मागं पाण्याच्या पिंपाजवळ ठेवली आणि म्हणालो, ही दुसऱ्या पंगतीला.

दुसरी पंगत बसलीच नाही. बसणार कुठनं? माणसं तेवढीच होती, सगळी एका पंगतीत मावत होती. माझ्या बुट्टीतल्या भाकरी पुरेनात, म्हणून मी अर्धी अर्धी वाटली. माणसं अर्ध्या पोटानं उठली, वर पाणी प्यायली. आणि ज्या पिंपातलं पाणी प्यायली, त्याच्याशेजारी फडक्याखाली भरलेली बुट्टी होती.

मला तसं कर म्हणून कुणी सांगितलं होतं का? नाही. माझ्या डोक्यानं मी ठरवलं. मला वाटलं, आमचे गाववाले उठून जातील. मला वाटलं, भय्यांतही जातपात असते, तेही विचारतील, कुणाच्या घरची. मला वाटलं, संप मोडेल. मी स्वतःला सांगितलं, महादेवा, तू हुशारी केलीस, संप वाचवलास. पण भावांनो, कुणी नको म्हटलं नव्हतं. मी कुणाला विचारलंच नाही. सगळ्यांच्या वतीनं विटाळ मी एकट्यानं पाळला.

एक दिवस नाही. सात दिवस. रोज सकाळी दोन बुट्ट्या यायच्या. रोज मी म्हणायचो, ही दुसऱ्या पंगतीला.

तिसऱ्या दिवशी अक्का माझ्याजवळ आली. पिंपाजवळ आम्ही दोघंच होतो. ती म्हणाली, "पाटील, तुमी इचारलं तरी का कुणाला?"

मी म्हणालो, अक्का, समजून घे, संप मोडंल. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा अक्का म्हणालो. गरज पडल्यावर म्हणालो.

तिनं बुट्टीवरचं फडकं नीट केलं. मग म्हणाली, "वाड्यात कळलं तर वाडा उठंल. मग बी मोडंल. मालक त्येच्याच वाटंवर बसलाय. म्हणून मी गप हाय. तुमच्यासाठी न्हाय."

एवढंच. आणि पदर खोचून ती भांडी घासायला बसली.

हौसामावशी, तुम्ही इथं समोर बसलाय. तुमच्या वाड्यातल्या ह्या सगळ्या बाया बसल्यात. तुम्हाला आठवतंय का, अक्का दुसऱ्या दिवशी गावात आली की सांगायची, काल सगळ्या भाकरी खपल्या, बोटं चाटली गड्यांनी? तुम्ही खूश झाला होता. तुम्ही चौथ्या दिवशी भाकरीबरोबर लसणाच्या चटणीचा डबा दिला होता. म्हणाला होता, परदेशी लेकरं हायती, त्यास्नी कोरडं घास उतरायचं न्हाय. मावशी, ती चटणी मांडवात कुणी खाल्ली नाही. त्या सात दिवसांतली तुमची एक भाकरी पंगतीत गेली नाही. अक्का तुमच्याशी खोटं बोलली. ते खोटं तिला मी बोलायला लावलं. हे तुम्हाला आज कळतंय, आणि ते सांगायला मला तिच्या मरणाची वाट बघावी लागली. लाज वाटते मला. तुमच्याकडं बघवत नाही.

आठव्या दिवसाची गोष्ट मात्र चौघांनीही बरोबर सांगितली, फक्त सुरुवात सोडून. आठव्या दिवशी रामनरेश दवाखान्यातनं सुटून मांडवात आला. डोळ्याला पट्टी. पाणी प्यायला पिंपाकडं गेला, तर बुट्टी दिसली. फडकं उचलून त्यानं आत पाहिलं आणि विचारलं, ये किसका है? मी म्हणालो, दुसऱ्या पंगतीचं. त्यानं पंगतीकडं पाहिलं. अर्धी अर्धी भाकरी हातात घेऊन माणसं बसलेली. मग त्यानं अक्काकडं पाहिलं. अक्कानं मान खाली घातली. दवाखान्यात कारकुनापुढं ताठ उभी राहिलेली बाई, मांडवात मान खाली घालून उभी. तेव्हा त्याला त्या दिवसापुरतं सगळं कळलं, आधीचे सात दिवस त्याला ठाऊक नव्हते. त्याच्या मुलखात काय हे नसतं? तिथंही असतंच की.

त्यानं बुट्टी उचलली. एका डोळ्याला अंदाज येत नव्हता, मधल्या बांबूला धडकला, तोल सावरला, आणि पंगतीच्या मधोमध जाऊन बसला. एक अख्खी भाकरी काढली, मोडली आणि खायला लागला. मग म्हणाला, "पेटभर खाओ. अक्का के घर का है."

भय्यांचे हात पुढं आले. तेलुगूंचे आले. आमच्यातले काही लगेच सरसावले, काहींनी एकमेकांची तोंडं पाहिली आणि मग घेतली. दोघं उठून गेले. मी ज्या भीतीनं सात दिवस माणसं अर्धपोटी ठेवली, ती भीती म्हणजे हे दोघं. आणि त्यातला एक दोन दिवसांनी परत आला, तुमच्यातच बसलाय, नाव घेत नाही. तो माझ्यापेक्षा बरा. तो निदान उठून गेला, सगळ्यांच्या देखत. मी तर तिथंच उभा होतो, वाढत होतो. आणि वाढणाऱ्याला काय, सगळ्यांबरोबर जेवावं लागत नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही की पाटलानं त्या बुट्टीतला घास घेतला नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. संप जिंकलो. वहीत नावं लागली. कार्डं मिळाली. कांडीवाल्या बायांना सगळ्यात शेवटी मिळाली, त्यासाठी अक्काला आणखी वर्षभर भांडावं लागलं. तिचं कार्ड आलं तेव्हा तिनं ते नाकाशी धरून वाचलं आणि म्हणाली, फोटुत मी लई रागीट दिसतीय की. रामनरेशनं रेशनकार्डाचा अर्ज केला तेव्हा पत्त्याच्या जागी लिहिलं, मार्फत शेवंता कांबळे. आज त्याची पोरं आमच्यापेक्षा चांगली कोल्हापुरी बोलतात. मधे एकदा परप्रांतीयांविरुद्ध वारं सुटलं होतं, तेव्हा चार जण मोटरसायकलवरनं त्याच्या खोलीवर आले. अक्का दारात खुर्ची टाकून बसलेली. म्हणाली, हितं भय्या कोण न्हाय, माझा भाऊ ऱ्हातोय. ते गेले. ती संध्याकाळपर्यंत खुर्चीवरनं हलली नाही.

लोक म्हणतात, चळवळीनं बाहेरच्यांना आपलं केलं. खरं आहे. रामनरेशला ह्या मातीत पाय रोवायला संपानं जागा दिली. पण मी विचार करतो, मला संपानं काय केलं? मांडवात मी कामगार होतो. भाषणात मी सगळ्यांना भावांनो म्हणायचो, आणि ते मनापासून म्हणायचो, ढोंग नव्हतं. पण गावी जाताना ओढा ओलांडला की मी परत पाटील गल्लीतला. बाहेरनं आलेला माणूस आमच्यातला झाला, आणि मी गावातल्या गावात अक्काच्या वाड्यापर्यंत पोचलो नाही. हजार मैल तो आला. शंभर पावलं मला चालवेनात.

अंत्यसंस्कार झाले त्या दिवशी सुमन मला म्हणाली, काका, संपात आमचे लई हाल झाले, आई आणि मी रोज शिळी भाकरी खायचो. ताजी मागितली तर आई म्हणायची, ताज्या मांडवात लागतात. पत्र्यावर वाळत घातलेल्या भाकरी असायच्या, त्या पाण्यात भिजवून, वर लसणाची चटणी घालून खायचो.

सुमन, तुला त्या दिवशी मी नुसतं हं म्हणालो. तेव्हा मला कळलं त्या सात बुट्ट्या कुठं गेल्या. इतकी वर्षं मी समजत होतो, टाकल्या असतील, कुणाच्या म्हशीला घातल्या असतील. तिनं टाकल्या नाहीत. तिच्या माणसांनी पहाटे उठून थापलेलं अन्न, ते तिला टाकवलं नाही. तू लहान होतीस आणि ते तू खाल्लंस. पोरी, ते हाल संपानं केले नव्हते. मी केले होते.

आणि एक सांगतो, मग थांबतो. अक्का इथं मंगळवार पेठेत राहायला आल्यावर मी कोल्हापूरला आलो की तिच्याकडं जायचो. दर खेपेला मनात असायचं, आज बोलू. आज माफी मागू. आणि दर खेपेला ऊस, पाऊस, संघटना, ह्याची पोरगी, त्याचं लग्न. निघताना अक्का म्हणायची, पाटील, जेवून जावा. मी म्हणायचो, आत्ताच जेवून आलोय.

किती वर्षं? ती इथं आली तेव्हापासून. आणि त्याआधी इचलकरंजीतल्या खोलीवरही हेच. आत्ताच जेवून आलोय. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी हे वाक्य म्हटलंय, आणि कितीतरी जणांनी ऐकलंय. ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ बरोबर कळतो. म्हणणारा समजतो, कळला नाही.

शेवटचा गेलो तो तीन आठवड्यांपूर्वी. उशांना टेकून बसली होती. बोलायला दम पुरत नव्हता. सकाळचे नऊ वाजले असतील. मी गावाहून पहिल्या गाडीनं आलेलो, पोटात चहासुद्धा नव्हता. तिनं सुमनला सांगितलं, पाटलास्नी जेवाय वाढ. आणि माझ्या तोंडातून निघालं, आत्ताच जेवून आलोय. सवयीनं निघालं. विचार करायच्या आत निघालं.

अक्का माझ्याकडं बघत राहिली. मग हसली. म्हणाली, "पाटील, तुमी लई लवकर जेवता."

रागावली असती तर बरं झालं असतं. ती हसली. आणि मी चप्पल घालून, बस पकडायची आहे म्हणून निघून आलो. जिन्यात मला रडू आलं, पण परत वर गेलो नाही. चार पायऱ्या होत्या. परत गेलो नाही.

वाड्यातल्या आयाबहिणींनो, तुमच्याकडं मी आज माफी मागतोय. द्यायची की नाही, हे तुमचं. जिच्याकडं पहिल्यांदा मागायची होती ती राहिली नाही. तुमच्या पोरांना संपाची गोष्ट सांगाल तेव्हा आठव्या दिवसाची जरूर सांगा, ती अभिमानाची आहे. पण आधीचे सात दिवसही सांगा. माझं नाव घेऊन सांगा. आमच्या गल्लीतल्या पोरांना मी सांगेन.

अक्का, तुला माझा जयभीम. तू असताना हे कधी तुला मोठ्यानं म्हटलं नाही.

आता सगळ्यांनी उभं राहावं. ज्याला ज्याचं नाव घ्यायचं त्यानं मनात घ्यावं, पण दोन मिनिटं कुणी बोलू नये. आणि मग कुणी घाईनं निघू नये. आत वाड्यातल्या बायांनी सकाळपासून भाकरी केल्यात. पंगत एकच आहे.

सुमन, मला वाढ. मी जेवून आलेलो नाही.